बाईंचा जादा रकाना

"रकाना कमी हाय," असं म्हणून बाई पट्टी उचलायच्या. कुठलीही वही समोर आली की छापील रकाने बोटाने मोजायच्या आणि उजवीकडच्या समासात पेन्सिलीने एक जादा उभी रेघ ओढायच्या. दिलेला फॉर्म ज्यांना कधीच पुरत नाही अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील.

बोईसरच्या एका रंगाच्या कारखान्यात मी शिफ्ट सुपरवायझर होतो, बाई टाइम ऑफिसात. रोज घिवली गावाहून रिक्षाने यायच्या. हजेरीपटात त्यांनी स्वतःचा रकाना काढला होता, 'उशिराचं कारण'. महिनाअखेरीला त्यातले फक्त रिक्षामुळे उशीर झालेले वेगळे उतरवून घ्यायच्या आणि तो कागद रिक्षा स्टँडवर नेऊन धरायच्या. "दहावं गिऱ्हाईक मिळंपर्यंत हलत नाय तुमी. ही बघा, तुमच्यापायी उशीर झालेली माणसं." आठवडाभर रिक्षा वेळेवर सुटायच्या. आम्ही हसायचो.

त्यांचा धाकटा भाऊ माझ्याच शिफ्टला होता. ओला रंग गरगर फिरवून कोरडा करणाऱ्या मशीनवर. झाकण उघडलं की मशीन थांबावं म्हणून त्याला एक लॉक असतं. पण गेटवर माल न्यायला ट्रक उभा राहिला की आमचे मॅनेजर साहेब घाईला यायचे. "काढा ते लॉक, ट्रक थांबलाय." मी काढायचो. अशाच एका दुपारी पोराची तीन बोटं गेली.

अपघाताच्या वहीत कारण लिहिलं गेलं, 'कामगाराचा निष्काळजीपणा'. खाली साक्षीदार म्हणून माझी सही. त्याला काढून टाकलं, आणि ती एक ओळ त्याच्या आधी सगळीकडे पोचली. तारापूरच्या कुठल्याच कारखान्याच्या गेटवर त्याला कुणी उभं करेना.

बाई माझ्याकडे आल्या. रडल्या नाहीत.

"तुमी तिथंच होता ना?"

"होतो."

"लॉक होता झाकणाला?"

"बाई, मला नोकरी आहे."

"मला पण हाय," म्हणाल्या आणि गेल्या. त्या दिवसापासून त्यांनी डूख धरला.

वर्षभराने ऑफिसात कॉम्प्युटर आला. बाकीचे त्याला हात लावायला घाबरायचे. बाईंना मात्र कळलं की यात हवे तेवढे रकाने काढता येतात, शिवाय दोन रकाने ताडून तिसरा आपोआप भरतो. जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला ठेवून त्यांनी जुन्या सगळ्या अपघातांच्या वेळा भरल्या. मग वॉचमनच्या वहीतून ट्रक कधी आला, कधी गेला ते. तिसरा रकाना त्यांचा स्वतःचा, 'ट्रक गेटवर होता का'. कॉम्प्युटरने खाली भराभर 'होय' लिहिलं. मी मागून पाहिलं आणि गप्प बसलो. गप्प बसण्यात माझा हातखंडा होता.

सहा महिन्यांनी मुंबईहून मालक यायचे होते. ग्राफ आधी बघायचा नाही आणि सभेत मोठ्याने वाचायचा, ही मॅनेजर साहेबांची जुनी खोड.

"सुरक्षेचाही एक ग्राफ टाका, बाई."

"एक रकाना जादा घातलाय, साहेब."

"घाला, घाला."

सभेत पडद्यावर दोन खांब आले. एक वरपर्यंत गेलेला, दुसरा जेमतेम वीतभर. साहेबांनी खणखणीत आवाजात वाचलं, "अपघाताच्या वेळी ट्रक गेटवर उभा होता..." आणि आवाज तिथेच बसला. उरलेलं मालकांनी वाचलं.

"ट्रकचा आणि अपघाताचा काय संबंध?"

"ट्रक आला की झाकणाचं लॉक काढायला लावतात," बाई दारातून म्हणाल्या.

"पाहिलंय कुणी?"

बाईंनी दुसरा कागद पुढे केला. त्यावर 'होय' वाल्यांपैकी फक्त माझ्या सहीचे अपघात वेगळे काढलेले होते. पानभर माझंच नाव. सगळे माझ्याकडे वळले.

मी उभा राहिलो. "लॉक मीच काढायचो. साहेबांच्या सांगण्यावरून." साहेबांचा चेहरा उतरला तो मी डोळे भरून पाहिला, खोटं कशाला बोलू.

साहेबांना काढलं. वहीतल्या त्या ओळीवर काट मारून मालकांनी सही केली, आणि भाऊ परत आला, वॉचमन म्हणून. मलाही काढलं. काढायलाच हवं होतं.

बाई पुन्हा भेटल्या नाहीत. दोन वर्षांपूर्वी वारल्या, असं त्यांच्या भावाकडून कळलं. मला आठवते ती माझ्या शेवटच्या दिवशीची हजेरी. मी आठच्या ठोक्याला सही केली. बाईंनी हजेरीपट आपल्याकडे ओढला, माझ्या नावापुढे आपल्या रकान्यात सावकाश लिहिलं आणि मला वाचता यावं म्हणून वही फिरवून धरली.

'उशीर दीड वर्ष. कारण, नोकरी.'