बिनबाटलीचा डॉक्टर

इतर डॉक्टरांच्या कपाटात बाटल्या साठतात, माझ्याकडे किस्से साठले. कारण माझ्या कामाला औषधच नव्हतं! मनाचं दुखणं ऐकून घ्यायचं, एवढंच. आणि बाटली न देणाऱ्याला ठाणे-कल्याणात तेव्हा कोणी डॉक्टर म्हणत नसे हो. मला ते फार लागायचं.

*

मुंबईला वेड्यांच्या इस्पितळात शिकायला गेलो, तो पहिलाच दिवस. नवा कोट, नवी पगडी. फाटकाशी एक रोगी बसलेला. त्यानं मला खालीवर न्याहाळलं.

"किती दिवस?"

"सहा महिने," मी म्हणालो.

"हं! मलाही हेच सांगितलं होतं!"

मी तसाच साहेबांकडे गेलो आणि तारीख पक्की विचारून आलो.

*

कल्याणला परतलो, तर आई आळीभर सांगत सुटलेली, "आमचा बाळ तापाचा डॉक्टर झाला!" वेड्यांचा म्हटलं तर मुलगी कोण देणार? पण बातमी फुटलीच.

सकाळी गोदूमावशी आली. "मला काही नाही रे, पण तुझ्या काकांचं डोकं जरा बघ." संध्याकाळी काका हजर! "मी ठणठणीत आहे. पण तुझ्या मावशीचं बघ बाबा."

म्हटलं, उद्या दोघं मिळून या. आले. तासभर दोघांचं ऐकलं. शेवटी काका वैतागले.

"ते सगळं राहू दे. आमच्यातलं वेडं कोण, ते सांग!"

*

ठाण्याच्या दवाखान्यात पास्कू माझा कंपाउंडर. सारखा मागे लागायचा, "डॉक्टर, रंगीत पाणी तरी द्या, लोक हसतात!"

जवळच्या गावातली साबिना, शेतकरीण, नवरा गेल्यापासून झोपेना. तासतासभर त्याच्या कागाळ्या सांगायची, मी ऐकायचो. जाताना बाटली मात्र हवीच! पास्कूनं बडीशेपेचं पाणी भरून दिलं.

आठवड्यानं ती हसतच आली. "लागते बरी झोप!"

पास्कूची छाती फुगली. "बघा, माझी बाटली!"

"ती होय? ती बैलाला पाजली. म्हातारा गेल्यापासून तो पन जागाच असायचा!"

*

विसूचं प्रकरण निराळं. कल्याणच्या कचेरीतल्या नाना कारकुनांचा हा सात वर्षांचा मुलगा. आई गेली त्या दिवसापासून चार महिने एक शब्द नाही. आत्यानं त्याच्या देखतच ठरवून टाकलं, शनिवारी भगत येईल, तापल्या सळईनं जिभेला डाग देईल, मग बोलेल पोर.

नाना माझ्या ओट्यावर बसून रडायलाच लागले. "डॉक्टर, काहीतरी द्या हो!"

देणार काय? विचारून विचारून सगळ्यांनी पोराला हैराण केलेलं. ठरवलं, आपण काही विचारायचं नाही.

बुधवारपासून नाना त्याला दुपारी माझ्याकडे सोडून जायचे. आईनं आमच्यापुढे भिजवलेल्या वालांची परात ठेवली. "नुसतेच बसलायत, तर सोला!" तो एक सोलायचा, मी एक. दोघंही गप्प. तीन दिवस घरात वालाचीच उसळ.

शुक्रवारी संध्याकाळी नाना न्यायला आले. मी नुसती नकारार्थी मान हलवली. त्यांचा चेहरा उतरला. विसूनं त्यांचं बोट धरलं, पायरी उतरला आणि थांबून माझ्याकडे वळून बघायला लागला.

"नाना, हे डॉक्टर पण बोलत नाहीत. उद्या त्यांनाही डाग देणार?"