सुपारीच्या डबीतल्या गोळ्या

सुपारीचा वास आला की आजही माझं डोकं तापतं. ऐंशीच्या दशकात, धानोऱ्याला, बाबा छातीदुखीच्या गोळ्या सुपारीच्या डबीत ठेवत आणि सुपारीसारख्याच येईल त्याला वाटतही!

एका सकाळी शेजारचे शंकरभाऊ डोकं दुखतं म्हणून आले. बाबांनी डबी पुढे केली. डॉक्टरांनी बाबांना तपासून, बाबांसाठी लिहून दिलेली गोळी! थोड्याच वेळात शंकरभाऊ घेरी येऊन आमच्या ओसरीवर कोसळले. आईनं तोंडावर पाणी मारलं. वाटलं, आता तरी दोघांना अक्कल येईल. पण शंकरभाऊ उठून म्हणाले, "गोळी लई पावरफुल आहे जी! आमच्या बाईलेही एक द्या."

बाबांनी हसत दिली.

पुढे बाबांच्याच छातीत कळ आली, तेव्हा डबीत नुसती सुपारी होती.