चौथ्या वर्षाची आगाऊ टीसी

माझ्या मुलीचं नाव कॉलेजातून कमी झालं, तेव्हा ती घरी बसून मेथी निवडत होती. नाव कमी करून आणणारा मी.

मुक्ताचं बी.एस्सी.चं तिसरं वर्ष संपलं होतं. पूर्वी तीन वर्षं झाली की माणूस पदवी घेऊन घरी येई. आता चौथं वर्ष निघालं आहे, ऑनर्सचं. त्यात वर्षभर एका प्राध्यापकांच्या हाताखाली संशोधन करायचं. मुक्ताला ते करायचंच होतं. तलावात शिंगाड्याच्या वेलींखाली काय उगवतं आणि काय मरतं, हा तिचा विषय. वनस्पतिशास्त्राच्या कुरेशी मॅडमनी तिला घ्यायचं कबूल केलं होतं. मॅडमकडे जागा दोनच, आणि पुढच्या वर्षी मॅडम निवृत्त होणार. म्हणजे हे वर्ष हुकलं की मॅडमही हुकल्या आणि शिंगाडेही.

"बाबा, प्रवेशाचं मी बघते," मुक्ता म्हणाली. "नियम सगळे पोर्टलवर आहेत."

नियम, आणि मला सांगते! चौतीस वर्षं मी सरकारी कचेरीत नियमांच्याच टेबलावर काढली होती. आमचे आजोबा मध्य प्रदेशच्या राजधानीबरोबर नागपूरहून भोपाळला आले, वडील तुलसी नगरच्या सरकारी क्वार्टरमधून निवृत्त झाले आणि मी कोलार रोडच्या फ्लॅटमधून. (आमच्या घराण्यात मूल आधी 'अर्ज' म्हणतं आणि मग 'आई', असं माझी बायको सुधा म्हणते. ती इंदूरची, दुकानदारांच्या घरातली. तिला कागदाचं महत्त्व काय कळणार?)

"तू अभ्यासाचं बघ, कागदांचं मी बघतो," असं म्हणून मी नियमांची चौदा पानं छापून आणली.

इथे एक कबुली द्यायला हवी. ती चौदा पानं मी वाचली नाहीत. पहिलं वाचलं, शेवटचं पाहिलं, मधली भोकं पाडून फाइलला लावली. अनुभवी माणूस नियम वाचत बसत नाही, तो ते ओळखतो. शिवाय माझा अनुभव पक्का होता. नोकरीत सागर, रीवा, जबलपूर अशा बदल्या झाल्या. बदलीचा हुकूम आला की आमच्याकडे सामान नंतर बांधायचं, आधी मुक्ताच्या शाळेतून टीसी काढायची. शाळा सोडल्याचा दाखला हातात असला की पुढची शाळा दार उघडते, नाहीतर मूल अधांतरी. (सागरला आम्ही गॅसचा सिलिंडर विसरलो, पण टीसी नाही.) नवा प्रवेश म्हणजे आधी टीसी, हे हाडात मुरलेलं. चौथं वर्ष म्हणजे नवा प्रवेशच की.

मी पाच-सहा अर्ज तयार करून मुक्तासमोर ठेवले. ती फोनवर मैत्रिणीशी बोलत होती.

"इथे सही कर. इथे. आणि इथे."

"काय आहे, बाबा?"

"तुझ्याच फायद्याचं आहे."

तिनं सह्या केल्या. वाचल्याशिवाय कुठेही सही करायची नाही, हे तिला लहानपणापासून मीच शिकवलं होतं. त्याला वडील अपवाद असतात, हे मात्र मी शिकवलेलं नव्हतं. ते तिनं आपलं आपण ठरवलं होतं.

कॉलेजच्या ऑफिसात तिवारीजी म्हणून बाबू होते. त्यांनी टीसीचा अर्ज उलटसुलट करून पाहिला.

"बिटिया कहीं बाहर जा रही है?"

"नहीं, आगे पढ़ेगी."

"फिर टीसी क्यों, अंकल?"

"आप बनाइए तो." कामाबद्दल 'का' विचारणाऱ्यांना मी आयुष्यभर हेच उत्तर देत आलो.

"छोड़ने का कारण क्या लिखूँ?"

"लिख दीजिए, पिता के अनुरोध पर."

अर्ध्या तासात टीसी हातात. इतकं झटपट काम मी माझ्या स्वतःच्या खात्यात कधी पाहिलं नव्हतं. खूश होऊन तिवारीजींना चहा पाजला आणि घरी येताना पावशेर जिलेबी घेतली.

संध्याकाळी मुक्तानं पोर्टल उघडलं. तिथे लिहिलं होतं, आप इस महाविद्यालय की नियमित विद्यार्थी नहीं हैं.

"बाबा, आज कॉलेजात काय केलंत?"

मी अभिमानानं टीसी पुढे ठेवली. तिनं वाचली. ती ओरडली असती तर मलाही जरा आवाज चढवता आला असता, पण ती हळूच म्हणाली, "चौथं वर्ष नवा प्रवेश नसतो, बाबा. त्याच कॉलेजात, त्याच नावावर पुढे चालू राहायचं. पोर्टलवर फक्त संमती द्यायची होती. एक बटण."

"आणि कागद?"

"एकही नाही."

स्वयंपाकघरातून सुधा म्हणाली, "चला, म्हणजे आता मुक्ताला कुठल्याही कॉलेजात प्रवेश मिळेल. तिचं स्वतःचं सोडून." जिलेबीला कोणी हात लावला नाही.

शेवटच्या तारखेला चार दिवस होते. सकाळी आम्ही दोघं तिवारीजींपुढे उभे राहिलो. मी झाला प्रकार सांगितला, चुकलं म्हणालो. त्यांनी मान हलवली.

"नियम में प्रावधान नहीं है, अंकल."

नियमांत तशी तरतूद नाही, हे वाक्य मी लगेच ओळखलं. माझंच होतं. पेन्शनवाले, बदलीवाले, कोणाकोणाच्या अर्जावर मी ते लिहिलं असेल. त्यानंतर समोरचा माणूस काय करतो, हे मात्र मी कधी पाहिलं नव्हतं, कारण तोवर मी पुढचा कागद उचललेला असे. आता कळलं. तो काहीच करत नाही. तिथेच उभा राहतो. मला लाज वाटली, आणि ती एकट्या मुक्तापुरती नव्हती.

मुक्तानं माझ्या हातातली फाइल घेतली, बाकावर बसली आणि ती चौदा पानं पहिल्या ओळीपासून वाचायला लागली. पाऊण तासानं उठली.

"तिवारीजी, प्रावधान है. पेज नौ."

तिवारीजींनी चष्मा लावला. टीसी चुकून घेतली असेल आणि दुसरीकडे वापरली नसेल, तर विद्यार्थ्यानं स्वतः मुदतीत अर्ज केल्यास प्राचार्य ती रद्द करू शकतात. "अरे, ये तो है," ते म्हणाले. (तेही अनुभवीच निघाले.) "लेकिन अर्जी में गलती का कारण लिखना पड़ेगा."

"लिही," मी मुक्ताला म्हणालो, "वडिलांची चूक."

तिनं लिहिलं, मैंने बिना पढ़े हस्ताक्षर किए.

"अगं, चूक माझी आहे."

"सही माझी आहे, बाबा."

माझे डोळे भरून आले. काच साफ असतानाही मी चष्मा पुसत बसलो.

तिसऱ्या दिवशी तिचं नाव पुन्हा चढलं आणि तिनं ते एक बटण दाबलं. आता ती मॅडमबरोबर तलावावर जाते, फ्रिजमध्ये हिरव्या पाण्याच्या बाटल्या असतात आणि त्यांवर सुधाच्या अक्षरात 'पिऊ नये' असतं. स्कूटरवरून सामान पोचवण्याचं काम माझ्याकडे आहे. कागदाला हात लावायची मनाई आहे.

मूळ टीसी कॉलेजनं ठेवून घेतली. मी तिवारीजींकडून एक झेरॉक्स तेवढी मागून आणली. तिच्यावर 'कारण: पिता के अनुरोध पर', वडिलांच्या विनंतीवरून, असं आहे आणि त्यावरून आडवं, ठळक अक्षरांत, 'निरस्त'. म्हणजे रद्द. चौतीस वर्षं मी लोकांच्या विनंत्या फेटाळल्या. माझी विनंती लेखी फेटाळली गेली ती ही पहिलीच, आणि त्या आनंदात मी कॉलनीभर पेढे वाटून आलो.