रडण्याआधी पाणी मागितलं

आई जाऊन दोन महिने झाले तरी मला रडू आलं नव्हतं. लोक म्हणायचे, किती खंबीर आहेस! खंबीर कसली, आतून दगड झाले होते. शेवटी चोपड्याच्या ताईमावशीकडे जायचं ठरवलं. आईची ही थोरली बहीण गुडघ्यांमुळे शेवटच्या भेटीला येऊ शकली नव्हती.

पुण्याहून रात्रीतून धुळं गाठा आणि तिथून सकाळची एसटी धरा, बायकांना अर्धंच तिकीट. सोनगीरचा किल्ला चढायचा असेल तर उन्हाआधी चढा. मी खिडकीतूनच नमस्कार केला. शिरपूरला बस बदलली, तिथे शेवभाजी खाल्ली. डोळ्यांत पाणी आलं खरं, पण ते मसाल्याचं. पुढे रस्ताभर केळीच्या बागा आणि डावीकडे सातपुडा सोबतीला असतो.

लहानपणी आईबरोबर याच रस्त्याने यायचे. नात्यात कुणी गेलं असलं की आई उंबऱ्यातच मावशीच्या गळ्यात पडायची. दोघी चालीवर, गेलेल्या माणसाची एकेक आठवण सांगत रडायच्या. शेजारीण ‘पुरे’ म्हणाली की डोळे पुसून कापसाची चौकशी! मला ते नाटक वाटायचं. एकदा तर मी फिदीफिदी हसले होते, आज त्याची लाज वाटते.

मावशी ओट्यावरच बसली होती. मी पाया पडले आणि सवयीने बोलून गेले, "मावशी, आधी पाणी दे गं, उन्हाने जीव गेला."

शेजारच्या सुमनअक्का उंबऱ्यातच थबकल्या. मावशीचा चेहरा उतरला.

"पानी मंग पेजो. आधी रडी ले, पोरी."

"मला रडताच येत नाही गं."

"आपेआप कोले येस? आम्हीबी शिकनूत." आपोआप कुणालाच येत नाही, म्हणे.

तिने मला ओढून छातीशी धरलं आणि सूर लावला, "तुनी आंडेर उनी व बहीण, संगे तू नही उनी..." आंडेर म्हणजे लेक, उनी म्हणजे आली. मग गुडघ्यांना शिव्या घातल्या, आईच्या हातच्या ठेच्याची आठवण काढली आणि थांबली. आता पाळी माझी होती. मला अहिराणी धड बोलता येत नाही. कसंबसं तोंडातून निघालं, "आई, तुझा चष्मा अजून फ्रिजवरच आहे गं..."

आणि बांध फुटला. मी अडखळले की मावशी चाल उचलायची, तिच्या मागून मी. बऱ्याच वेळाने सुमनअक्का तांब्या घेऊन आल्या.

"पुरे व आते. पोरगीले पानी पेऊ दे."

पाणी इतकं गोड कधी लागलं नव्हतं. दोनच मिनिटांत मावशी बसला गर्दी होती का ते विचारत होती, आणि या वेळी मला त्यात नाटक दिसलं नाही.

जेवायला ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि भरीत होतं. मी विचारलं, ही चाल कुणी शिकवली?

"मनी मायनी. तिले तिनी मायनी. एकटं रडाले भ्याव लागस, म्हनीसन चाल."

जुनी माणसं मन मोकळं करत नव्हती, असं आपण खुशाल म्हणतो. त्यांना ठाऊक होतं, भरलेला हंडा डोक्यावर घ्यायला समोर कुणीतरी लागतं. आम्ही मात्र सुतकातही ‘मी ठीक आहे’ असे मेसेज पाठवत बसलो.

पुण्याला परतले त्याच आठवड्यात धाकटा भाऊ बेंगळुरूहून आला. दिवसकार्य उरकून गेला होता, तेव्हाही त्याचे डोळे कोरडेच होते. बॅग टेकवत म्हणाला, "ताई, पाणी दे गं."

ग्लास भरलेलाच होता. तो मी फ्रिजवर, आईच्या चष्म्याशेजारी ठेवला.

"पाणी मग. आधी इकडे ये."