शेजारची मोहरी

मोहरीच्या फुलांचा वास आला की आजही मला ती सकाळ आठवते. उत्तरेकडे रामनगरला खंडाने घेतलेल्या शेतात मी मोहरीच्या नव्या वाणाचं बियाणं करत होतो. परक्या मोहरीचा पराग आला की बियाणं बाद, म्हणून शेजाऱ्याला पैसे देऊन, तेही घासाघीस करून, मोहरीऐवजी गहू पेरायला लावला होता. बियाण्याच्या तपासणीच्या सकाळी पाहतो तर त्याच्या गव्हाआड मोहरीच्या पिवळ्या ओळी! मी ओरडलो तसा तो हसला, "आपने दाम तोड़ा था, पंडितजी. घर के तेल भर का बो लिया." तिथल्या मधमाशा माझ्या फुलांवर येत होत्या. तपासणीला आलेल्या संशोधन केंद्रातल्या बाईंनी त्या माशा पाहिल्या आणि वही मिटली. "काका, हे सगळं आता तेलाच्या घाण्यालाच द्या," त्या म्हणाल्या. त्या शेजाऱ्याशी मी अजून बोलत नाही. पण थंडी पडली की गव्हाआड पिवळं काही दिसतंय का ते बघायला रोज त्याच्या बांधावरून चक्कर मारून येतो.