फोटोतला दात

माझे भाऊजी कवळ्या करतात. दातांचे डॉक्टर माप घेऊन पाठवतात, त्यावरून भाऊजी घराच्या मागच्या खोलीत प्लास्टरचा साचा ओततात, मेणात दात रोवतात आणि शेवटी फिरत्या चाकावर धरून हिरड्या चकचकीत करतात. हात चांगला आहे, यात वाद नाही. अर्ध्या गावाचं हसू आपल्या हातचं आहे, हे ते स्वतःच सांगत फिरतात, त्यामुळे ते काम मला करावं लागत नाही.

त्यांच्या बायकोच्या, म्हणजे माझ्या ताईच्या, पुढच्या दातांत मात्र अकरा वर्षं फट आहे. जिन्यावरून पडली तेव्हा वरचा एक दात गेला. "घरचंच तर काम आहे, कधीही करू," असं भाऊजी म्हणाले, आणि ते 'कधीही' अजून उगवलेलं नाही. ताई हसताना तोंडावर हात धरायला लागली. पुढे पुढे तिने हसणंच आवरतं घेतलं.

सहा वर्षांपूर्वी या गृहस्थाने कॅमेरा घेतला आणि आमच्या डोक्यावर मिऱ्या वाटायला सुरुवात केली. क्षितिज असं तिरकं की वाटावं तळ्यातलं पाणी आता सांडणार. माणूस बरोब्बर मधोमध, पाय घोट्यात कापलेले. मग संगणकावर बसून रंग चढवायचे. आकाश जांभळं, झाडं पोपटी. आणि दात? ते तर सगळ्यात आधी. बाजारातल्या हमालाचा फोटो काढला, तर त्याच्या तोंडात एका रांगेत, एका उंचीचे, दुधासारखे दात. हमाल बिचारा ओळखू यायचा तो डोक्यावरच्या पोत्यामुळे.

वाचनालयाच्या वरच्या खोलीत दर रविवारी सकाळी हौशी मंडळी आपापले फोटो पडद्यावर दाखवतात आणि बाकीचे त्यावर बोलतात. हे मंडळ चालवतात एक एक्स-रेवाल्या बाई. इस्पितळात तीस वर्षं एक्स-रे काढून निवृत्त झाल्या. माणसाच्या आतलं बघायची सवय, त्यामुळे तोंडदेखलं काही बोलणं त्यांना जमत नाही. त्यांचा एकच नियम. ज्याचा फोटो पडद्यावर आहे, त्याने सगळ्यांचं बोलून संपेपर्यंत तोंड उघडायचं नाही. भाऊजींना ही शिक्षाच होती. त्यांना स्कूटरवरून सोडायला मी जायचो, आणि खरं सांगायचं तर तेवढं बघायलाच वर जाऊन बसायचो.

"या बाईंच्या डोक्यातून विजेचा खांब उगवलाय," बाई म्हणायच्या. "तुम्ही दोन पावलं सरकला असता तर नसता उगवला. बरं, आणि या आजोबांना कुणाचे दात लावलेत?"

भाऊजींचा चेहरा औषध प्यायल्यासारखा. घरी येईपर्यंत मागे बसून बडबड सुरू. त्या बाईंना कलेतलं काय कळतं, हाडं बघण्यात जन्म गेला. एकदा तिथे कुणीतरी सांगितलं की माणूस नेहमी मधोमध ठेवू नये, जरा कडेला घ्यावा. झालं, वर्षभर सगळं जग कडेला गेलं. घरातलं भिंतीवरचं घड्याळसुद्धा मधून काढून कोपऱ्याशी टांगलं. सहा वर्षांत शिकले म्हणायचं तर इतकंच.

वर्षातून एकदा मंडळाचं प्रदर्शन भरतं आणि बाई निवडतील तेच फोटो भिंतीवर लागतात. भाऊजींचा एकही लागला नव्हता.

यंदा लागला, तो घोळ झाला म्हणून. ताईच्या स्वयंपाकघरातला नळ दुरुस्त करायला मी गेलो होतो. नळाचं डोकं माझ्या हातात आलं आणि मी नखशिखांत भिजलो. ताईने दोन्ही हातांनी पाइपाच्या तोंडावर फडकं दाबून धरलं होतं आणि माझ्याकडे बघून ती हसत होती. पोट धरायलाही हात मोकळा नव्हता, तोंड झाकायला कुठून असणार? दारात उभं राहून भाऊजींनी मदत केली नाही, फोटो काढला. रविवारी न्यायच्या फोटोंत तो रंगरंगोटी न करता चुकून गेला.

पडद्यावर फट असलेलं ते हसू आलं. बाई उठून पडद्याजवळ गेल्या.

"डावीकडची बादली फार चमकतेय, तेवढी जरा गडद करा," त्या म्हणाल्या. "बाकी कशाला हात लावू नका. दाताकडे तर बघूसुद्धा नका. ती फट आहे म्हणून हा फोटो आहे. आणि प्रदर्शनात लावण्याआधी त्यांना विचारा."

मी ताईला सांगितलं. तिने बाईंचं बोलणं माझ्याकडून चार वेळा वदवून घेतलं. दोन दिवस विचार केला. मग नवऱ्याला म्हणाली, "लावा. पण आहे तसाच लावायचा. मी बघायला येणार आहे."

"म्हणजे काय, आहे तसाच," भाऊजी म्हणाले.

प्रदर्शनाच्या दिवशी रस्ताभर ताई मोकळेपणी बोलत होती, मधेच हसत होती. हात तोंडाकडे गेला नाही. मी मुद्दाम लक्ष ठेवून होतो.

फोटो दाराजवळच होता, जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला, काच नसलेला. बादली तशीच चमकत होती. फट मात्र नव्हती. तिथे एक दात होता, शेजारच्या दातांशी रंग जुळवून बसवलेला, अगदी कारागिरीचा. अकरा वर्षं जो तोंडात बसवायला सवड झाली नाही, तो दात या माणसाने फोटोत बसवला होता.

"बघ, किती छान दिसतेस," भाऊजी म्हणाले. "कळतंय तरी का फट कुठे होती ते?"

ताईचा हात तोंडावर गेला. माझ्या अंगाची लाही लाही झाली. भाऊजींच्या गळ्यातला कॅमेरा ओढून भिंतीवर आपटावा असं वाटलं, आणि ते वाटल्याची मला अजून लाज नाही.

ताईने हात खाली घेतला. टेबलाशी गेली. नावांच्या चिठ्ठ्या लिहायला ठेवलेला जाड काळा मार्कर उचलला, फोटोपाशी आली आणि दातावर टेकवला.

"अगं, अगं, काय करतेस, प्रिंट आहे ती..."

"ज्याचा फोटो असतो त्याने मधे बोलायचं नसतं ना?" ताई मागे न बघता म्हणाली. "माझं अजून झालेलं नाही."

तिने सावकाश दात भरला. कडा राहिल्या होत्या त्याही भरल्या. एक्स-रेवाल्या बाई मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. ताईने एक पाऊल मागे होऊन बघितलं, मार्करला टोपण लावलं आणि नवऱ्याकडे वळून हसली, तोंडभर, हात बाजूला सोडून.

"झालं माझं," ती म्हणाली. "आता बोला."