मिशनच्या फाटकापाशी अडलेला शुक्रवार

“आई, आत काही नाही! बंद पडलेलं मिशनचं हॉस्पिटल आहे. सगळे जेवायला खोळंबलेत!”

“खोळंबू देत. तुझा बाप आत वारला, विनू. मी बघूनच येणार.”

फाटकापाशी आम्हा मायलेकांची जुंपलेली, आणि बाकीची मंडळी गाड्यांपाशी घाम पुसत उभी. मस्कतला आम्ही मराठी घरं नव्वदच्या दशकात शुक्रवारच्या सुट्टीला सहली काढायचो. बघायला जायचं एक, आणि परतताना पदरात चार भांडणं! किती साठलीत, सांगून दमले. त्या एका दिवसाचीच सांगते.

*

सकाळी बंदरावरचा किल्ला. इथून ओमानींनी पोर्तुगीजांना हुसकावलं. आमचे देशमुख आठवडाभर बँकेत आणि शुक्रवारी इतिहासकार! वर चढून धापा टाकत म्हणाले, “आमच्या रायगडापुढे हा म्हणजे एक बुरूज!” तेच त्यांनी ओमानी राखणदाराला हिंदीत ऐकवलं.

तो शांतपणे म्हणाला, “साब, उधर इतना बडा किला है, तो इधर नौकरी काहे को?”

देशमुख तरातरा पायऱ्या उतरायला लागले!

*

माझी नात ईशा, वय वर्षं नऊ. शाळेत सगळं इंग्रजी, मराठी अडखळत. तोफेवर हात ठेवून विचारते, “आजी, आजोबा इथे फायटिंगमध्ये मेले?”

“नाही गं बाई. मिशनमध्ये. जुलाबांनी.”

पोरीचं तोंड पडलं. “दॅट्स नॉट ब्रेव्ह.”

म्हटलं, “तुला एकदा लागू देत, मग सांग!”

*

मिशनच्या फाटकाशी आलो, तर देशमुख पुन्हा सुरू झाले. “काकू, तुमचे मिस्टर या धर्मादाय दवाखान्यात कसे? विनायक तर म्हणतो, वडील शिपिंगमध्ये होते.”

विनूनं मान फिरवली.

“होतेच की! रत्नागिरीच्या गलबतावर भंडारी होते.”

“अच्छा, म्हणजे तुम्ही भंडारी!”

“अहो, जात नव्हे, हुद्दा! गलबतावरच्या स्वयंपाक्याला भंडारी म्हणतात. बारा खलाशांच्या भाकऱ्या थापायचे. गलबत मस्कतला लागलं, नि इथेच आजारी पडले.”

आमची शेजारीण हमीदा रत्नागिरीचीच. ती फिसकन हसली. “भाऊ, ह्यां बँकेत शिकवीत नाय वाटतां?”

*

“आई, सगळ्यांसमोर कशाला?” विनू पुटपुटला आणि जेवायच्या उशिराचं तुणतुणं लावलं. तिथून आमचं पेटलं.

उशीर कसला? लाज होती, भाकऱ्यांची! शाळेचं तोंड न बघता वाण्याच्या पुड्यांवरून अक्षरं जुळवली मी. त्यावर ह्याला इंजिनियर केला, आणि ह्यानं बापाला शिपिंगमध्ये घातला. पाय भरून आले होते, ऊन मी म्हणत होतं. खरं सांगते, भांडायचंसुद्धा त्राण उरलं नव्हतं.

फाटकावरच्या माणसानं किल्ली वर धरली. “मम्मा, खोलूं? या खलास?”

“खलास,” विनूच बोलला. माझा दंड धरला त्यानं. “चल ना, आई. चाळीस वर्षं झाली. आता काय बघायचं राहिलंय?”

मी दंड सोडवून घेतला.

“चाळीस वर्षं मी नुसत्या एका पत्रावर विधवा आहे, विनू, आज जागा बघू दे.”